पुतिन यांच्यानंतरचा रशिया: वारस, कलम ६७ आणि तीन पाळ्यांत चालणारे कारखाने

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचा मुलगा कझानला वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुतिन यांनी सत्तरी ओलांडली आहे. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर तिथे यादवी माजेल का, नवा माणूस आला की युक्रेनचं युद्ध थांबेल का, की तो पुढे युरोपवर चालून जाईल, आणि मुलाला आत्ताच परत बोलवावं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देते, कारण आधीचं समजल्याशिवाय ते पटणार नाही.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले आणि नव्वदच्या दशकापासून दुभाषी आणि भाषांतरकार म्हणून काम करते. सुरुवातीला पोलाद आणि यंत्रांचे सौदे होते, मग करारमदार, आणि गेली पंधरा वर्षं मुख्यतः रशियन कायदे, उकाझ म्हणजे अध्यक्षांचे हुकूम, आणि अर्थसंकल्प वाचून इथल्या कंपन्यांना त्यांचा अर्थ सांगणं. कोण काय बोललं याआधी कागदावर काय उतरलं आणि पैसा कुठे गेला हे बघायची सवय त्यातून लागली.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत आहे. युद्ध एका माणसाचं आहे, तेव्हा माणूस गेला की युद्ध जाईल. सुंठीवाचून खोकला जावा ही आशा मला समजते. २०२२च्या वसंतापर्यंत माझ्याही मनात ती होती. युद्ध सुरू करायचा निर्णय एका माणसाचा होता हे खरंच आहे. पण ते चालू ठेवायला आता त्या माणसाची गरज उरलेली नाही, आणि थांबवायला मात्र त्याच्याइतकाच घट्ट पाय रोवलेला माणूस लागेल. नवा माणूस सुरुवातीला तसा नसतो. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. रशियाच्या राज्यघटनेचं कलम ९२ सांगतं की अध्यक्षांचा मृत्यू झाला, त्यांनी राजीनामा दिला किंवा प्रकृतीमुळे काम करणं कायमचं अशक्य झालं, तर पंतप्रधान काळजीवाहू अध्यक्ष होतात आणि तीन महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. काळजीवाहू अध्यक्षाला दूमा म्हणजे संसदेचं खालचं सभागृह बरखास्त करता येत नाही, सार्वमत घेता येत नाही, राज्यघटनेत बदल सुचवता येत नाही. जानेवारी २०२० पासून पंतप्रधान मिखाइल मिशुस्तिन आहेत. त्याआधी जवळपास दहा वर्षं ते करखात्याचे प्रमुख होते. हिशेबात पक्का कारभारी माणूस, मागे ना फौज ना गुप्तहेर खातं. त्या खुर्चीवर असाच माणूस ठेवला जातो, कारण ती खुर्ची सिंहासनाला लागून आहे.

पुतिन यांची सध्याची मुदत २०३० साली संपते. तेव्हा ते ७७ वर्षांचे असतील. २०२०च्या घटनादुरुस्तीत त्यांच्या आधीच्या सगळ्या मुदती मोजणीतून वगळल्या गेल्या. रशियन लोक त्याला ‘ओब्नुलेनिये’ म्हणतात, म्हणजे शून्यावर आणणं. ही सूचना दूमात मांडली ती अंतराळात गेलेली पहिली महिला व्हॅलेन्तिना तेरेश्कोवा यांनी. त्यामुळे कायद्याने ते २०३६ पर्यंत राहू शकतात. तोवर प्रकृती साथ देईल का, यावर अंदाज बांधण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यांच्या आजारपणाच्या बातम्या मी कित्येक वर्षं वाचते आहे आणि त्यातल्या एकीवरही कधी कुणाला सल्ला दिलेला नाही.

आता कायद्यापलीकडचं. ९ ऑगस्ट १९९९ला मी मॉस्कोत होते, पुण्याच्या एका कारखान्याच्या यंत्रखरेदीसाठी. बैठक चालू असताना बातमी आली की तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी स्तेपाशिन यांना काढून पुतिन नावाच्या अधिकाऱ्याला पंतप्रधान नेमलंय आणि हाच आपला वारस असंही सांगितलंय. टेबलापलीकडच्या मंडळींनी फारशी दखल घेतली नाही. सतरा महिन्यांत चेर्नोमिर्दिन, किरियेन्को, प्रिमाकोव्ह आणि स्तेपाशिन असे चार पंतप्रधान घरी गेले होते. त्यांच्यातले एक ज्येष्ठ अभियंते म्हणाले, “याचं नाव पाठ करू नका, हिवाळ्यापर्यंत दुसरा येईल.”

आता क्रम बघा. दोनच दिवस आधी, रशियातून फुटू पाहणाऱ्या चेचन्यातून सशस्त्र टोळ्या शेजारच्या दागेस्तान प्रांतात घुसल्या होत्या. सप्टेंबरात बुयनाक्स्क, मॉस्को आणि वोल्गोदोन्स्क इथे लोक राहत असलेल्या इमारती स्फोटांनी कोसळल्या, सुमारे ३०० माणसं मेली. दुसरं चेचन युद्ध पेटलं आणि ज्याचं नाव पाठ करायचं नव्हतं तो माणूस काही महिन्यांत देशातला सर्वांत लोकप्रिय नेता झाला. ३१ डिसेंबरला, लोक नववर्षाच्या जेवणाची तयारी करत असताना, येल्त्सिन दूरचित्रवाणीवर आले आणि पायउतार झाले. त्याच दिवशी काळजीवाहू अध्यक्ष पुतिन यांनी उकाझ काढला: माजी अध्यक्षांवर खटला नाही, अटक नाही, झडती नाही. जूनमध्ये व्हायची निवडणूक मार्चमध्ये आली, प्रतिस्पर्ध्यांना तयारीला वेळच मिळाला नाही, आणि २६ मार्च २०००ला पुतिन पहिल्याच फेरीत निवडून आले.

रशियातलं सत्तांतर कसं होतं असं कुणी विचारलं की मी या आठ महिन्यांकडे बोट दाखवते. जाणाऱ्याला हमी हवी असते. येणाऱ्याला अधिकार सिद्ध करावा लागतो, आणि १९९९ मध्ये तो मतपेटीच्या आधी रणांगणावर सिद्ध झाला. वारस आणि युद्ध यांची गाठ तिथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आली.

मग पुतिन वारस जाहीर का करत नाहीत? रशियनमध्ये वारसाला ‘प्रेएम्निक’ म्हणतात, आणि तो शब्द क्रेमलिनच्या आसपास जपून उच्चारला जातो. नाव आज सांगितलं तर उद्यापासून फाइली, माणसं आणि निष्ठा त्याच्या दाराकडे वळतात. नाव घेणारा दुबळा होतो आणि ज्याचं नाव घेतलं तो बाकी सगळ्यांचं लक्ष्य होतो. पुतिन यांनी एकदा खुर्ची दुसऱ्याला देऊन पाहिली: २००८ ते २०१२ मेदवेदेव्ह अध्यक्ष होते आणि स्वतः पुतिन पंतप्रधान. सप्टेंबर २०११ मध्ये दोघांनी जागा बदलण्याची घोषणा केली, आणि त्या हिवाळ्यात मॉस्कोच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. शेजारच्या कझाकस्तानातला धडा त्याहून कडू होता. नझरबायेव्ह यांनी मार्च २०१९ मध्ये अध्यक्षपद सोडलं, सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद स्वतःकडे ठेवलं, राजधानीला त्यांचं नावही दिलं गेलं. जानेवारी २०२२च्या दंगलींत वारस तोकायेव्ह यांनी ते पद काढून घेतलं आणि त्याच वर्षी राजधानी पुन्हा अस्ताना झाली. त्या दंगली शमवायला गेलेल्या पथकात रशियाचे सैनिक होते, म्हणजे क्रेमलिनने हे अगदी जवळून पाहिलंय.

नावं तुम्हाला हवीच असतील तर बातम्यांत दिसतात ती अशी: मिशुस्तिन; पूर्वी पुतिन यांचे अंगरक्षक, नंतर तुला प्रांताचे राज्यपाल आणि आता राज्य परिषदेचे सचिव असलेले अलेक्सेय द्यूमिन; आणि सुरक्षा परिषदेचे माजी सचिव निकोलाय पात्रुशेव्ह यांचे चिरंजीव, उपपंतप्रधान द्मित्री पात्रुशेव्ह. यांपैकी कुणावरही मी पैज लावणार नाही. १९९९च्या जुलैत अशी यादी केली असती तर तिच्यात पुतिन नसते.

यादवीबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण २४ जून २०२३ला रोस्तोवमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचे फोन मला दिवसभर येत होते. प्रिगोझिन यांच्या वॅग्नर या खाजगी फौजेच्या माणसांनी तिथलं दक्षिण लष्करी विभागाचं मुख्यालय ताब्यात घेतलं होतं आणि एक तांडा मॉस्कोकडे निघाला होता. वाटेत त्यांनी सैन्याची हेलिकॉप्टरं आणि एक विमान पाडलं, त्यातले वैमानिक मेले. त्याच दिवशीचं एक चित्रण अनेकांनी पाहिलं असेल: रोस्तोवच्या रस्त्यावर सशस्त्र माणसं उभी आणि शेजारी पालिकेचा सफाई कामगार झाडतोय. संध्याकाळी तडजोड झाली. दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, प्रिगोझिन विमान कोसळून मेले. त्या दिवसातून मी दोन गोष्टी घेतल्या. सामान्य लोक सत्तेसाठी लढायला उतरले नाहीत आणि सत्तेविरुद्धही नाहीत. वरच्या मंडळींतले बहुतेक जण कोण जिंकतंय ते कळेपर्यंत गप्प राहिले. पुढच्या सत्तांतरातही असंच होईल असं मला वाटतं: भांडण भिंतींच्या आत, बाहेर दुकानं उघडी. खात्री मात्र देता येत नाही, कारण पुतिन कसे जातात यावर खूप काही ठरेल. ठरवून दिलेली खुर्ची, अचानक आलेला मृत्यू आणि आतून झालेला उठाव हे तीन वेगळे रस्ते आहेत. तिसऱ्यात गोळीबार होऊ शकतो. पण प्रिगोझिननंतर खाजगी फौजा आवळल्या गेल्या आहेत, आणि राष्ट्रीय रक्षक दल, संघीय सुरक्षा सेवा व अध्यक्षांचं संरक्षण पाहणारी सेवा या तीन वेगळ्या यंत्रणा एकमेकींवर डोळा ठेवून असतात. ही रचना मुद्दाम तशी आहे.

आता युद्ध. जुना इतिहास आशेच्या बाजूनेही बोलतो, ते आधी मान्य करते. स्टालिन ५ मार्च १९५३ला गेले आणि २७ जुलैला कोरियात शस्त्रसंधी झाली. पण तिथे वाटाघाटी १९५१ पासून चालू होत्या, आणि ती जमीन मॉस्को स्वतःची म्हणत नव्हता. स्टालिननंतर सत्तेवर आलेले आणि त्यांच्या अत्याचारांवर बोलणारे ख्रुश्चेव्ह यांनीच नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव मोडायला बुडापेस्टमध्ये रणगाडे पाठवले. गोर्बाचेव्ह ११ मार्च १९८५ला आले. अफगाणिस्तानातून बाहेर पडायची त्यांची इच्छा होती, पक्षात पकड होती, तरी शेवटचा सैनिक आमू दर्या ओलांडून परतला तो १५ फेब्रुवारी १९८९ला. जवळपास चार वर्षं गेली, आणि ती जमीनही कुणी सोव्हिएत संघाच्या नकाशात घातलेली नव्हती. मेदवेदेव्ह यांना तर पश्चिमेत सगळे मवाळ म्हणत. ७ मे २००८ला त्यांनी शपथ घेतली, आणि तीन महिन्यांनी जॉर्जियाशी युद्ध झालं.

युक्रेनमध्ये गाठ आणखी घट्ट आहे आणि ती कायद्याने मारलेली आहे. २०२०च्याच दुरुस्तीत कलम ६७ मध्ये असं घातलं गेलं की देशाचा भूभाग तोडून देण्याकडे रोख असलेली कृती चालणार नाही, तसं आवाहन करणंही चालणार नाही. ते वाक्य भाषांतर करताना मला ते २०१४ मध्ये युक्रेनकडून घेतलेल्या क्रिमियापुरतं वाटलं होतं. ३० सप्टेंबर २०२२ला दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन हे युक्रेनचे चार प्रांत रशियात सामील केल्याचं जाहीर झालं आणि घटनेच्या कलम ६५च्या यादीत त्यांची नावं चढली. खेरसोन शहर तर नोव्हेंबर २०२२ मध्ये रशियाच्या हातून गेलं, तरी रशियन राज्यघटनेत तो प्रांत रशियाचा आहे. नव्या अध्यक्षाने पहिल्या आठवड्यात माघारीचा शब्द काढला तर त्याचे प्रतिस्पर्धी राज्यघटना हातात घेऊनच त्याच्यावर धावून जातील.

दुसरी गाठ पैशाची. २०२५च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे १३.५ लाख कोटी रुबल होते. केंद्रीय खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ६ टक्क्यांहून जास्त, आणि रुबलच्या आकड्यांत २०२१च्या तिपटीहून अधिक. मी निझ्नी तागिलसारख्या शहरांत काम केलंय. तिथे रणगाड्यांच्या कारखान्याचा भोंगा वाजला की शहर उठतं. अशा गावांत २०२२ नंतर तीन पाळ्या सुरू झाल्या, पगार वाढले, तरुणांनी कर्जावर घरं घेतली. शिवाय जुलै २०२४च्या हुकुमाने सैन्याच्या करारावर सही करणाऱ्याला केंद्राकडून एकरकमी ४ लाख रुबल मिळू लागले, प्रांतांची रक्कम त्यावर वेगळी. पुतिन यांनीच जून २०२४ मध्ये आघाडीवर सुमारे ७ लाख माणसं असल्याचं सांगितलं होतं. ही माणसं घरी परततील तेव्हा त्यांना कुठला पगार द्यायचा, हा प्रश्न वारसाच्या टेबलावर पहिल्या दिवशी असेल. दुर्दैवाने युद्ध लांबवणं हे त्याचं सर्वांत सोपं उत्तर आहे. ही आकडेवारी वाचताना मला त्या शहरांतली माझ्या ओळखीची घरं आठवतात आणि मन खट्टू होतं.

मग युरोपवर चाल? इथे इरादा आणि ताकद वेगळी मोजायला हवी. इरादा लपलेला नाही. १७ डिसेंबर २०२१ला रशियाने करारांचे मसुदे जाहीर केले, त्यात नाटोचं सैन्य मे १९९७च्या ठिकाणी मागे न्यावं अशी मागणी होती, म्हणजे पोलंड आणि बाल्टिक देशांतून बाहेर. तो मसुदा आजही मागे घेतलेला नाही. सप्टेंबर २०२४च्या हुकुमाने सैनिकांची मंजूर संख्या १५ लाख झाली. फिनलंड नाटोत गेल्यावर लेनिनग्राद लष्करी विभाग पुन्हा उभा केला गेला. जर्मनीचे सेनाधिकारी २०२९ पर्यंत सज्ज राहायला सांगतात, ते या कागदांकडे बघूनच.

ताकदीचं गणित वेगळं आहे. ज्या सैन्याला दोनेत्स्क प्रांतातली एकेक गावं घ्यायला महिने लागतात ते वॉर्सावर चालून जाईल असं मला वाटत नाही. मला भीती आहे ती छोट्या गोष्टीची. एस्टोनियातलं नार्वा हे बहुतांश रशियनभाषक शहर, समोर नदीपलीकडे रशियाचा इव्हानगोरोद किल्ला, मध्ये फक्त पायी ओलांडता येणारा पूल. अशा ठिकाणी एखादी मर्यादित कुरापत काढायची आणि नाटो एका शहरासाठी लढतं का ते बघायचं. हे कधी शक्य होईल ते तीन गोष्टींवर ठरेल: युक्रेनमधली लढाई थांबून सैन्य मोकळं होतं का, नाटो देशांच्या रक्षणाचा शब्द वॉशिंग्टन पाळेल असं मॉस्कोला वाटतं का, आणि तेलाच्या पैशातून हे सगळं किती काळ पेलतं. नव्या वारसाबाबत माझा अंदाज असा की पहिल्या वर्षात तो नवी आघाडी उघडणार नाही, कारण त्याचं लक्ष भिंतींच्या आत असेल. तो माघारही घेणार नाही. फार तर आहे त्या रेषेवर लढाई गोठवेल आणि पश्चिमेचे आर्थिक निर्बंध उठवण्याच्या वाटाघाटी सुरू करेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, घरातली गडबड वाढली तर, १९९९चा रस्ता त्याला आठवू शकतो. मला काळजी त्या काळाची जास्त वाटते.

म्हणजे आत्तापर्यंतचं असं: पुतिन अचानक गेले तर तीन महिन्यांची कायदेशीर चौकट आहे आणि रस्त्यावरच्या यादवीची शक्यता मला कमी वाटते, नवा माणूस कोणीही असला तरी कलम ६७, अर्थसंकल्प आणि परतणारे सैनिक त्याच्या गळ्यात असतील, युद्ध गोठू शकेल, मिटायला वर्षं लागतील. रोज काय बघायचं असं विचाराल तर पंतप्रधानपद बघा. मिशुस्तिन यांच्या जागी सुरक्षा यंत्रणेतला, वयाने बराच लहान माणूस अचानक आला, तर मी त्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवेन.

आता तुमचा मुलगा. या सगळ्यासाठी त्याला तिसऱ्या वर्षातून उचलून आणू नका. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशातला संपूर्ण अभ्यासक्रम आणि तिथली इंटर्नशिप एकाच संस्थेत पूर्ण करावी लागते. मध्येच सोडून आला तर गेलेली वर्षं धरली जाणं फार कठीण आहे. कझानला धोका आहे तो ड्रोनचा. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या उंच इमारतींवर ड्रोन आदळले होते, आणि त्याच प्रांतातल्या येलाबुगाच्या औद्योगिक वसाहतीवर एप्रिल २०२४ मध्ये हल्ला झाला तेव्हा वसतिगृहाला फटका बसला होता. सायरन वाजला की गच्चीवर जाऊन मोबाइलवर चित्रण करायचं नाही, तळमजल्यावर जायचं, एवढं त्याला निक्षून सांगा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती तुमच्याकडे ठेवा, दूतावासात त्याची नोंद आहे ना ते विचारा, आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे इथल्या खात्यात वेगळे ठेवा, कारण भारतातून तिथे पैसे पाठवायच्या वाटा कधीही अडतात.

आणि एक गोष्ट त्याला माझ्या नावाने सांगा. अर्धवेळ काम, सुरक्षारक्षक, स्वयंपाकघरातला मदतनीस, नागरिकत्व लवकर, असं सांगून रशियन भाषेतला कागद कोणी पुढे केला तर सही करायची नाही. अशाच कागदांवर सह्या करून आपली काही मुलं आघाडीवर पोचली, त्यातली काही परत आली नाहीत, आणि जुलै २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांना मॉस्कोत हा विषय काढावा लागला. कागदावर ‘कोन्त्राक्त’ आणि ‘वोयेन्नाया स्लुझ्बा’ हे शब्द दिसले तर तो लष्करी भरतीचा करार आहे. शंका आली तर फोटो काढून मला पाठवू दे, रात्री कितीही वाजता. वाचून सांगायचे मी पैसे घेत नाही.